विसर्जनाचा कर्ता

कंपोस्टेबल म्हणून विकल्या जाणाऱ्या कपाची परीक्षा काय असते, हे युरोपात 2000 साली ठरलेल्या ईएन 13432 या मानकात नेमके सांगितले आहे. खताच्या प्रक्रियेत 12 आठवडे ठेवल्यावर 2 मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक तुकडे उरता कामा नयेत. 6 महिन्यांच्या आत त्यातल्या किमान 90 टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. तयार खतात जड धातू मर्यादेबाहेर नसावेत आणि त्यात पेरलेले बी नीट उगवावे. कुजण्याची चाचणी साधारण 58 अंश सेल्सियसला घेतात. भारतातले आयएस/आयएसओ 17088 हे मानकही याच कुळातले. या यादीत तापमान आहे, मुदत आहे, जंतूंचे काम आहे, चाळणीच्या भोकाचे मापसुद्धा आहे. कप त्या ढिगापर्यंत कोण नेणार, एवढे मात्र नाही. तांत्रिक मानकाकडून तशी अपेक्षाही नसते. त्याने पदार्थ तपासायचा असतो. अडचण पुढे होते. परीक्षेत उतरलेला शिक्का कपावर उमटतो, कप हाती येतो आणि घेणाऱ्याच्या मनात एक हिशेब परस्पर मिटतो: ही वस्तू मागे उरणार नाही, तेव्हा माझ्या नावावरही काही उरले नाही. हा हिशेब रसायनशास्त्राचा नाही, पापपुण्याचा आहे, म्हणून तो तपासायलाही धर्मविचाराकडेच जावे लागते. वस्तू नाहीशी झाली म्हणजे तिच्यापायी घडलेले कर्मही नाहीसे होते का? माझे म्हणणे असे की विरून जाणे हा वस्तूच्या अंगचा गुण मानणे हीच मुळातली चूक आहे. ती कोणीतरी, कुठेतरी करायची कृती आहे. कर्ता आणि जागा ठरल्याशिवाय त्या शिक्क्याला नैतिक अर्थ येत नाही.

आधी पुरावा पाहू. कंपोस्टेबल कपांत, झाकणांत, पिशव्यांत पुष्कळदा वापरला जाणारा पदार्थ म्हणजे पीएलए, पॉलिलॅक्टिक ॲसिड. मक्याच्या किंवा तशाच पिष्टापासून साखर, साखर आंबवून लॅक्टिक आम्ल आणि त्या आम्लाच्या लांब साखळ्या, असा त्याचा जन्म. साठ अंशांच्या जवळपास तो मऊ पडतो, पाणी त्याच्या साखळ्या तोडू लागते आणि मग जंतूंना तो खाता येतो. थंड मातीत, नाल्यात किंवा डंपिंग ग्राउंडच्या पोटात तो जवळजवळ जुन्या प्लास्टिकसारखाच पडून राहतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. त्यांनी बाजारातल्या निरनिराळ्या पिशव्या हवेत, मातीत आणि समुद्रात ठेवल्या. ‘बायोडिग्रेडेबल’ छापलेली पिशवी 3 वर्षे मातीत आणि समुद्रात राहूनही बाजारहाट वाहून नेण्याइतकी धड होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात 3 महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत 27 महिन्यांनंतरही होती. फक्त वजन पेलण्याजोगी उरली नव्हती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ब्रिटनमधल्या सामान्य लोकांच्या परसातल्या खतपेट्यांवर केलेला अभ्यास 2022 मध्ये आला. त्यात घरगुती खतासाठी प्रमाणित असलेल्या वेष्टनांपैकी सुमारे 60 टक्के पूर्णपणे विरली नव्हती. हे निष्कर्ष वाचून ‘सगळी फसवणूक आहे’ असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. योग्य ढिगात हे पदार्थ खरोखर कुजतात. प्रयोगांनी दाखवले ते वेगळेच: तीच पिशवी एका ठिकाणी एक वस्तू असते आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरी. नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेत वस्तूला स्वतःचा असा स्वभाव नसतो, ती प्रत्ययांच्या आधाराने असते, असे जे प्रतिपादन केले, त्याला प्रयोगशाळेतून इतकी सरळ साक्ष क्वचितच मिळाली असेल. कुजणे पिशवीत नाही; पिशवी, उष्णता, ओलावा, हवा, जंतू आणि तिला तिथे ठेवणारा हात, एवढ्यांचे ते मिळून घडणे आहे. या सहांपैकी पाचांवर शास्त्रज्ञ रात्रंदिवस काम करतात.

‘ते खत होते’ हे वाक्यही जरा जपूनच उच्चारावे. पीएलएमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपलीकडे फारसे काही नसते; नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. मानकाची 90 टक्क्यांची अट बहुतांश पदार्थ हवेत जाण्याची आहे, मातीत जाण्याची नाही. पळसाची पत्रावळ कुजते तेव्हा पानातले क्षार जमिनीला मिळतात. पीएलएचा कप कुजतो तेव्हा जमिनीला जवळजवळ काहीच मिळत नाही. त्याचा उपयोग झालाच तर सोबतचे उष्टे अन्न खतापर्यंत पोहोचवण्याचा होतो, आणि तो उपयोग लहान नाही. पण हवेत गेलेल्याला मातीला परत दिलेले म्हणू नये.

आता एक आकर्षक युक्तिवाद. प्लास्टिक म्हणजे नित्यतेचा अट्टाहास. मरायला नकार देणारी वस्तू निर्माण करून माणसाने अनित्यतेच्या नियमाशी वैर मांडले. कुजणारे वेष्टन त्या नियमाला शरण जाते, म्हणून ते धर्म्य, असे तो सांगतो. ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. अनित्यता हे जगाचे वर्णन आहे, आज्ञा नव्हे. पॉलिथिनसुद्धा अनित्यच आहे. ते उन्हाने चिरफाळते, कणाकणाने तुटते आणि नेमके त्या तुटण्यातूनच सूक्ष्म प्लास्टिकचा प्रश्न उभा राहतो. उलट स्टीलचा डबा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि त्याला कोणी अधर्म म्हणत नाही. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून यायचे, रिकामी बाटली देऊन भरलेली घ्यायची. काच काही कुजत नव्हती. म्हणजे लवकर नष्ट होण्यात पुण्य नाही आणि टिकण्यात पापही नाही. खटकते ते वस्तूचे आयुष्य आणि तिच्या वापराचे आयुष्य यांच्यातले अंतर. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये केलेल्या मूल्यमापनात सुती पिशवीचा सर्व अंगांनी येणारा भार साध्या प्लास्टिक पिशवीच्या पातळीवर आणायचा तर ती सुमारे 7,100 वेळा वापरावी लागेल, असे गणित निघाले. आकडा ओझोनच्या थराला होणाऱ्या हानीसारख्या एखाद्याच कसोटीमुळे इतका फुगतो, हे खरे. तरी त्यातून निघणारा अर्थ हा की टिकाऊपणासुद्धा वापरणाऱ्याने पाळावा लागतो. समारंभागणिक वाटली जाणारी आणि खुंटीवर साठत जाणारी कापडी पिशवी निसर्गाच्या बाजूने उभी आहे, असे निव्वळ तिच्या सुतावरून म्हणता येणार नाही.

वेष्टनाच्या संशोधनाचे खरे दुखणे या अंतरातच आहे. दूध, तेल, फरसाण, औषध आत असेतोवर वेष्टनाने पाणी, हवा, तेल, जंतू या सगळ्यांना बाहेर थोपवायचे. आणि आतला ऐवज संपला की त्याच पाण्याला, त्याच जंतूंना दार उघडून द्यायचे. एकाच पदार्थाकडून दोन उलट स्वधर्म मागितले जातात आणि कधी पालटायचे हे पदार्थाला कळावे, अशीही अपेक्षा असते. ही मागणी पुरी करण्याच्या नादात विपरीत गोष्टी घडल्या. लगद्याच्या कंपोस्टेबल वाडग्यांनी तेल शोषू नये म्हणून अमेरिकेत त्यांत फ्लोरिनयुक्त रसायने घातली जात होती. वाडगा कुजायचा आणि जवळजवळ कधीच न मोडणारी ती रसायने खतात उतरायची. 2019 च्या सुमारास हे उघडकीला आल्यावर तिथल्या प्रमाणन संस्थेला नियम कडक करावे लागले. पुनर्वापराकडे वळावे तर तिथेही वेगळी गाठ आहे. 2017 साली गेयर, जॅम्बेक आणि लॉ यांनी मांडलेल्या हिशेबानुसार 2015 पर्यंत जगात सुमारे 830 कोटी टन प्लास्टिक तयार झाले आणि कचरा झालेल्या प्लास्टिकपैकी जेमतेम 9 टक्के पुन्हा वितळवले गेले. चिप्सच्या पुड्यातले वेगवेगळ्या पदार्थांचे थर सुटे करणे परवडत नाही. बाटल्यांचे जे पेट प्लास्टिक वितळवले जाते त्याच्या साखळ्या दर फेरीला आखूड होतात. त्यात दिसायला हुबेहूब पेटसारखी पीएलएची बाटली शिरली, की तो सगळा माल बिघडतो. एका वाटेने चांगली असलेली वस्तू दुसऱ्या वाटेवर गेली की उपद्रव होते, ती अशी.

धर्मपरंपरांना वेष्टन ठाऊक नव्हते, पण काम संपलेल्या वस्तूचे काय करावे हा प्रश्न त्यांनी बारकाईने विचारला होता. मज्झिमनिकायातल्या अलगद्दूपम सुत्तात तराफ्याचा दृष्टान्त आहे. गवत, काटक्या, फांद्या बांधून तराफा केला, नदी ओलांडली; आता तो डोक्यावर घेऊन हिंडायचे का? नाही, तो काठावर ठेवावा किंवा पाण्यात सोडून द्यावा आणि आपल्या वाटेने जावे. दृष्टान्त आसक्तीविषयी आहे, नदीच्या स्वच्छतेविषयी नाही; पण त्या तराफ्याचे पुढे काय झाले, हे तिथे कोणी विचारत नाही आणि विचारण्याचे कारणही नव्हते. आजचा ग्राहक या दृष्टान्तातला अर्धाच भाग आचरतो. सोडून देणे त्याला उत्तम जमते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गातली आनंदाची गोष्ट मला याहून मोलाची वाटते. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला 500 वस्त्रे दिली. राजाला राग आला: हा श्रमण एवढ्या कापडाचे करणार काय, कापडाचा धंदा मांडणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्षूंना वाटू. आणि जुन्या चीवरांचे? बिछान्यावर घालायची वस्त्रे करू. जुनी झालेली ती वस्त्रे? गादीचे अभ्रे. जुने अभ्रे? जमिनीवरची अंथरणे. त्या अंथरणांचे पायपुसणे, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकीही विरली की त्यांच्या चिंध्या करून, चिखलात कालवून लिंपण. राजा इतका खूश झाला की त्याने आणखी 500 वस्त्रे दिली. (काटकसरीचा उत्तम हिशेब दिला की पुरवठा दुप्पट होतो, हा अर्थशास्त्राला नंतर सापडलेला तिढा त्या कथेत आधीच बसलेला आहे.) या उत्तरात कापडाच्या गुणांबद्दल एक अक्षर नाही. सूत कुजते की नाही हे आनंद सांगत नाही. तो सांगतो ते टप्पे, आणि दर टप्प्यावर काम करणारे ‘आम्ही’. कापड शेवटी मातीत जाते, पण त्याआधी एका संघाच्या हातांतून सहा वेळा जाते आणि लिंपणाचा चिखल कालवणारे हातही त्याच संघाचे असतात.

जैन आचारात तर टाकून देणे हे थेट व्रताच्या कक्षेत येते. साधूच्या पाच समितींतली शेवटची उत्सर्ग समिती: मलमूत्र किंवा निरुपयोगी झालेली वस्तू कुठे आणि कशी टाकावी याचे अवधान. जागा आधी डोळ्यांनी तपासायची, तिथे जीव, बीज, अंकुर, बिळे नाहीत हे पाहायचे, मग टाकायचे. टाकलेली वस्तू पवित्र की अपवित्र हा मुद्दा त्यात गौण. जागेवर त्या क्षणी कोण जगत आहे, हा मुख्य. या दृष्टीने पाहिले तर खताचा ढीगसुद्धा निर्दोष ठरत नाही. 58 अंशांना धगधगणारा तो ढीग असंख्य जीवांच्या जन्ममरणाचे स्थान आहे आणि कडक जैन विचार त्याकडे ‘निसर्गाचे चक्र’ म्हणून कौतुकाने पाहील, असे मला वाटत नाही. त्या टोकापर्यंत जायला नको. पण त्या शिस्तीने एक गोष्ट अचूक पकडली आहे: टाकणे ही घेण्याइतकीच पूर्ण कृती आहे, तिला स्थळ आणि सावधपणा लागतो. याला जोडून कृत, कारित आणि अनुमोदित हा भेद येतो, जो योगसूत्रांतही आहे. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि संमती देऊन होऊ दिलेले, तिन्ही कर्मे कर्त्याला लागतात. जबाबदारीच्या आजच्या वादात ‘कंपनी की ग्राहक’ अशी जी ओढाताण चालते, तिच्यापेक्षा ही मांडणी मला अधिक शहाणी वाटते. कप बनवणाऱ्याचे कृत, तो जत्रेत, रेल्वेत, लग्नात वाटणाऱ्याचे कारित, हातात घेणाऱ्याचे अनुमोदित. एकाचे मोठे म्हणून दुसऱ्याचे शून्य होत नाही. आणि कप कालांतराने मातीत गेला, म्हणून तिघांपैकी कोणाचेच आपोआप फिटत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल, आणि तो बिनतोड आहे, की ज्या परंपरांचे गोडवे गाता त्यांच्याच समाजात टाकलेले उचलण्याचे काम जातीवर लादले होते. हा आक्षेप टाळून पुढे जाणारा ‘पत्रावळी आणि द्रोणांचा सुवर्णकाळ’ अप्रामाणिक असतो. पत्रावळ कुजायची हे खरे, पण ती पंगतीतून उकिरड्यावर आपल्या पायांनी जात नसे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्र सेवकाला काय द्यावे हे सांगितले आहे: उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, पाखडून उरलेले धान्य, जुने सामानसुमान. हे वचन आनंदाच्या उत्तराशेजारी ठेवून पाहावे. दोन्हीकडे जुने वस्त्र वाया जात नाही. आजच्या भाषेत दोन्ही व्यवस्था शून्य कचऱ्याच्या म्हणाव्या लागतील. फरक असा की आनंदाच्या साखळीत वस्त्र वापरांच्या पायऱ्या उतरते, मनूच्या साखळीत ते माणसांच्या पायऱ्या उतरते. 1927 च्या मार्चमध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस आणि शिळेपाके तुकडे घेणे सोडा, असे आपल्या लोकांना बजावले आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. आपल्या उरलेल्या वस्तूंचा शेवट म्हणून आम्हाला वापरायचे नाही, हा त्या नकाराचा एक अर्थ मला दिसतो. तेव्हा ‘वस्तू परत जाते का’ एवढेच विचारणारे नीतिशास्त्र अपुरे पडते. ती कोणाच्या अंगावरून परत जाते, हे विचारावे लागते. हा प्रश्न घरच्या उकिरड्यापुरता नाही. 2018 मध्ये चीनने प्लास्टिक कचऱ्याची आयात बंद करताच श्रीमंत देशांचा तोच कचरा मलेशियाकडे वळला, तेव्हा देशादेशांतही अशा पायऱ्या असतात हे दिसले.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करू द्या अशी मागणी केली, ती नाकारली गेल्यावर उपवास केला आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांना उपवासाने साथ दिली. पुढे 1948 मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम उभारून मैल्याचे खत करण्याच्या सोप्या पद्धतींवर ते राबले. त्यांच्या कामाचा विशेष असा की खताचे शास्त्र आणि ते कोणाच्या हाताने व्हावे हा विचार त्यांनी वेगळा ठेवलाच नाही. संडासाची रचनाच अशी हवी होती की दुसऱ्या कोणाला डोक्यावरून मैला वाहावा लागू नये. संशोधनाचा आराखडा हाच नैतिक आराखडा होता.

इथूनच दुसरा, अधिक धारदार आक्षेप निघतो: मग कंपोस्टेबल वेष्टन हे त्याच दिशेचे पाऊल नाही का? वस्तू जंतू खाणार असतील तर माणसाला ती उचलावी लागणार नाही; जातीचे ओझे जिवाणूंनी घेतले तर वाईट काय? हे मला मनापासून पटले असते, जर वस्तू खरोखर स्वतःच्या स्वतः गेली असती. पण 58 अंशांच्या ढिगापर्यंत तिला जावे लागते. ओल्या कचऱ्याच्या पट्ट्यावर कंपोस्टेबल पिशवी आणि साधी पिशवी ओळखू येत नाहीत, म्हणून वर्गीकरण करणारी बाई दोन्ही बाजूला काढते. पेटच्या बाटलीला भंगारात भाव आहे, पुठ्ठ्याला आहे, पत्र्याला आहे. पीएलएच्या कपाला सहसा नाही. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत संघटित झाली आणि 2008 मध्ये तिच्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. संघटनेच्या नावातच कोणकोणत्या वस्तूंवर पोट भरते ते लिहिलेले आहे. त्या यादीत नसलेली वस्तू शहरात वाढते तेव्हा वेचकाचे काम तेवढेच राहते आणि कमाई घटते. पर्यावरणासाठी केलेली सुधारणा अशा रीतीने सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त पर्यावरण राखणाऱ्यांच्या खिशातून वसूल होऊ शकते. 2022 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची जी चौकट आणली, तिच्यात कंपोस्टेबल प्लास्टिकची स्वतंत्र वर्गवारी आहे आणि त्याचा शेवट औद्योगिक खतप्रक्रियेत व्हावा अशी अपेक्षा आहे. कर्ता ठरवण्याचा हा निदान कायदेशीर आरंभ म्हणायचा. 2024 च्या दुरुस्तीत जैवविघटनशील प्लास्टिकच्या व्याख्येत ‘विशिष्ट पर्यावरणात’ विघटन आणि मागे सूक्ष्म प्लास्टिक न उरणे, या दोन्ही गोष्टी आल्या. म्हणजे जागेचे भान कायद्यालाही आले. पण महाराष्ट्राने 2018 च्या प्लास्टिकबंदीसोबत दुधाच्या पिशव्या ठेव घेऊन परत गोळा करण्याची तरतूद केली होती, तिचे रोजच्या व्यवहारात फारसे काही झाले नाही, हेही विसरून चालत नाही. नियमात कर्ता लिहिला की तो कामाला लागतोच असे नाही.

तिसरा आक्षेप संन्याशाच्या बाजूचा. अपरिग्रह हेच उत्तर असताना वेष्टनांच्या प्रकारांवर एवढा खल कशाला? वेष्टनच नको. माझी सहानुभूती या म्हणण्याकडे आहे, पण सहमती नाही. चहाच्या तिसऱ्या कपाबद्दल, ऑनलाइन मागवलेल्या एका कंगव्याभोवतीच्या तीन आवरणांबद्दल ते पूर्ण खरे आहे. परंतु सलाइनची पिशवी, लसीची कुपी, दूरच्या खेड्यात पोहोचणारे दूध यांना आवरण लागते, आणि नासलेल्या अन्नाच्या मागे वाया गेलेले पाणी, चारा आणि श्रम हाही परिग्रहाइतकाच दोष आहे. शिवाय अपरिग्रही साधूला भिक्षापात्र लागतेच. फक्त ते एक असते आणि तोच ते धुतो.

शेवटचा आक्षेप प्रयोगशाळेतून येईल: थोडा धीर धरा, कुठेही विरणारा पदार्थ आम्ही देतो. ही पोकळ बढाई नाही. 1920 च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिस लेमॉइन्य यांना एका जिवाणूच्या पेशीत पीएचबी हा पॉलिएस्टर सापडला. जिवाणू तो चरबीसारखा साठवतात आणि गरज पडली की खातात. त्या कुळातले पीएचए पदार्थ मातीत आणि समुद्रातही विघटित होतात, कारण ते मुळात कोणाचे तरी अन्न आहेत. 2021 मध्ये बर्कलीच्या टिंग शू यांच्या गटाने प्लास्टिकच्या आतच विकरे पेरून ठेवली. उष्ण ओलावा मिळाला की काही दिवसांत ते प्लास्टिक आतून मोडत जाते. याने नैतिक चित्र बदलते, हे मी मान्य करतो. वस्तूला चालणाऱ्या जागा जितक्या वाढतील तितका चुकीच्या जागी पडण्याचा दोष कमी होईल आणि तो दुसऱ्याच्या माथी बसण्याची शक्यताही. पण कुठेही विरणारी वस्तू कुठेही टाकण्याची मुभा घेऊन येते, आणि दर दिवशी नव्याने लागणारा मका, ऊस, खत, पाणी यांचा हिशेब तिच्या विरण्याने मिटत नाही. विसर्जन सोपे झाल्याने आवाहनाची संख्या वाढत असेल, तर ढिगाखेरीज शेतातही प्रश्न उभा राहतो.

संशोधन कर्त्यासकट होऊ शकते, याचे एक उदाहरण पुण्यातच आहे. पार्थिव पूजेत मूर्ती मातीची असावी आणि मातीत जावी, असे शास्त्र आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसने तो क्रम मोडला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने उपाय सुचवला अमोनियम बायकार्बोनेटचा. बादलीभर पाण्यात मूर्तीच्या वजनाच्या मानाने ती पूड घालायची आणि मूर्ती बुडवायची. दोनेक दिवसांत कॅल्शियम सल्फेटचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसते आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरते, जे खत म्हणून वापरता येते. महापालिकेने ही पूड लोकांना वाटली. मूर्ती मुळात शाडूचीच असावी, हे म्हणणे यानंतरही उरते आणि रंगांचा प्रश्नही उरतो. पण या पद्धतीत पदार्थ, प्रमाण, मुदत, जागा आणि माणूस, पाचही एकत्र सांगितले आहेत: तुमची मूर्ती, तुमची बादली, तुम्ही ढवळायचे. कंपोस्टेबल कपाच्या संशोधनाने याच धर्तीवर आपला निष्कर्ष लिहावा, एवढी मागणी अवास्तव नाही. कोणत्या शहरात, कोणत्या खतप्रकल्पात, कोणाच्या गाडीतून, वर्गीकरण करणाऱ्याला किलोमागे किती रुपये देऊन, हे सांगितल्याखेरीज ‘कुजतो’ हा शब्द छापू नये. कप महाग होईल, असे उत्पादक म्हणतील आणि ते बरोबरच असेल. आज तो स्वस्त आहे, कारण त्याच्या शेवटच्या प्रवासाची मजुरी कोणी देत नाही. ती धरून आलेल्या भावात मंगल कार्यालयाला स्टीलचे पेले धुण्यासाठी दोन माणसे नीट पगारावर ठेवणे परवडू लागले, तर तोही त्या संशोधनाचाच निष्कर्ष मानायला माझी हरकत नाही.